मोठ्या लेथवर आधी कोण?

कुठलीही वस्तू आधी पत्र पाठवून मोडत नाही. उभ्या नोकरीत मला आलेलं शहाणपण एवढंच आहे आणि ते एका ओळीत मावतं. पण दिवाळी अंकात एका ओळीचा लेख घेत नाहीत असं संपादकांनी कळवलं, म्हणून हा पुढचा पसारा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मी सांगलीला, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात नोकरीला होतो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला तेलावर चालणारं इंजिन, आढ्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एक फिरता दांडा, आणि त्या दांड्यावरून कातडी पट्ट्यांनी फिरणारी यंत्रं. त्यांत मुख्य म्हणजे लेथ. ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात काकडी सोलताना आपण काकडी धरतो आणि सुरी फिरवतो. लेथवर काकडी फिरते आणि सुरी जागच्या जागी धरलेली असते. काकडी लोखंडाची असते एवढाच फरक. वाकडंतिकडं लोखंड फिरवत फिरवत सोलायचं आणि गोल, गुळगुळीत, मापात आणायचं, याला टर्निंग म्हणतात. करणारा तो टर्नर.

मी टर्नर म्हणूनच लागलो होतो. फार बरा टर्नर नव्हतो. एकदा मालक बराच वेळ माझ्या मागं उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "दत्तू, तुझ्या हातापेक्षा तुझं तोंड बरं चालतं. तू दारात बस."

तेव्हापासून मी दारात बसलो. आलेलं काम बघायचं, त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, ते कुठल्या लेथवर कधी लावायचं ते ठरवायचं, आणि ज्याचं मागं राहिलं त्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. या बढतीबरोबर पगार फारसा वाढला नाही, पण लोक मला 'मास्तर' म्हणायला लागले. हातात छडी नसलेला मी सांगलीतला एकटाच मास्तर असेन.

आमच्याकडं तीन लहान लेथ होते आणि एक मोठा. मोठा विलायतेहून आलेला, तोही कुणीतरी वापरून सोडलेला. पण अख्ख्या पंचक्रोशीत तेवढा लेथ दुसरा नव्हता. त्याच्यावर येसू मिस्त्री काम करायचे. येसू शिराळ्याचे. बोलणं मोजकं, तंबाखू भरपूर. नागपंचमीला ते शिराळ्याला जायचे म्हणजे जायचेच. त्या वेळी मोठ्या लेथवर झाकण पडायचं. पुढं काय होणार यातली एवढीच एक गोष्ट मला वर्षभर आधी पक्की ठाऊक असायची. बाकी सगळा अंधार.

कारण आमचं काम शिंप्यासारखं नव्हतं. लगीनसराई कधी येणार हे शिंप्याला पंचांग सांगतं. पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा दट्ट्या कधी अडकणार, रसाच्या चरकाचा दांडा कधी पिचणार, हे कुठल्या पंचांगात आहे? त्यात लढाईमुळं विलायतेचा नवा माल बंद. जे मोडेल ते दुरुस्तच करायचं. साताऱ्याच्या टोकापासून मिरजेच्या पलीकडपर्यंत जे जे मोडायचं ते बैलगाडीतून, मोटारीच्या टपावरून, कधी खांद्यावरून आमच्या दारात यायचं, आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मास्तर, आमचं जरा तातडीचं हाय."

पहिल्यांदा मी सरळमार्गी होतो. जो आधी आला त्याचं आधी. याच्याइतका न्याय्य नियम नाही असं मला वाटायचं. मग एक टांगेवाला आला. चाकातलं एक लहानसं बुश, म्हणजे आसावर बसणारी नळी, घासून द्यायची होती, चहा पिऊन होईपर्यंत होईल एवढं काम. पण त्याच्या पुढं कापसाच्या जिनिंगचं एक लांबलचक काम चाललेलं. मी त्याला नियम समजावून सांगितला. तो बिचारा "बरं" म्हणाला आणि त्यानं घोडा आमच्या दाराशी बांधला. त्याचं काम हातात येईपर्यंत घोड्यानं मालकांनी हौसेनं लावलेली शेवंती मुळापासून खाल्ली, आणि मालकांनी मला खाल्लं.

मग मी नियम बदलला. लहान काम आधी. दारातली गर्दी भराभर हटू लागली, सगळे खूश. एक सोडून. तेलाच्या घाण्याचे एक शेटजी होते, त्यांचा जाडजूड शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, कोपऱ्यात पडलेला. लहान कामं काही संपेनात. एक गेलं की दोन येणार. शेवटी शेटजी एके सकाळी डबा घेऊन आले, आपल्याच शाफ्टवर मांडी घालून बसले आणि धपाटे खाऊ लागले. मी म्हटलं, "शेटजी, हे काय?" ते म्हणाले, "काय न्हाई, याचं लोणचं किती मुरलंय ते बघतोय."

सर्कशीची गोष्ट सांगायचीच राहिली. त्या काळी आमच्या भागात सर्कशींचे तंबू पडायचे. एका सर्कशीच्या सिंहाच्या गाड्याचा आस मोडला, तो गाडा ओढून आणायला त्यांनी हत्ती आणला. हत्ती आमच्या बोळात शिरला आणि बोळ भरला. त्याला वळता येईना, मागं सरकायला तो राजी होईना, आणि तो असेपर्यंत दुसरं कुठलंही गिऱ्हाईक आत येईना. मी कुठलाही नियम न लावता आस लेथवर चढवला. त्यावर एक शेतकरी मला म्हणाला, "मास्तर, म्होरल्या वेळी आमी बी हत्ती घिऊन येतो."  

हळूहळू माझा एक बेत बसत गेला. लहान लेथवर लहान काम आधी, आणि मोठा लेथ फक्त मोठ्या कामाला. मोठ्या लेथचं एक दुखणं होतं, ते नीट समजावून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोठं काम त्याच्यावर बांधायलाच अर्धा दिवस जायचा. एक टोक चकच्या जबड्यात आवळायचं, मध्ये आधार द्यायचा, दुसऱ्या टोकाला अणी लावायची, मग हातानं फिरवून बघत केसभर इकडं, केसभर तिकडं करत ते अगदी मधोमध आणायचं. आणि एकदा का सोलायला सुरुवात झाली की ते काम पुरं होईपर्यंत उतरवायचं नाही. मध्येच उतरवलं तर परत तसंच्या तसं बसेल याची खात्री येसूसुद्धा द्यायचे नाहीत. म्हणजे मोठं काम चढवणं म्हणजे लग्नच. नंतर कितीही चांगलं स्थळ आलं तरी उपयोग नाही.

म्हणून मी कधी कधी मोठा लेथ मुद्दाम रिकामा ठेवायचो. वाटायचं, आज काहीतरी येणार. मालक आत येऊन विचारायचे, "आज कुणाची वाट बघतोय आपण?" मी म्हणायचो, "माहीत नाही." असं उत्तर देऊन नोकरीत टिकलेला माणूस तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

याच्यावर उपाय मला बाबालालनं दिला. बाबालाल हा वडूज-सांगली सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळं त्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं शेगडीसारखा एक मोठा डबा, त्यात कोळसे पेटवायचे, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून आधी मोटारीची आणि मग स्वतःची समजूत काढायची. एवढ्या सावकाश जाणाऱ्या माणसाला रस्त्यातलं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. एकदा चहा पिताना तो सहज म्हणाला, "विट्याजवळच्या गिरणीचं इंजिन लय खोकतंय मास्तर. दोन-चार दिसांत तुमच्याकडं येतंय बगा." आणि खरोखर आलं. मी त्याच्यासाठी मोठा लेथ रिकामा ठेवला होता. गिरणीवाला तोंडात बोट घालून बघत राहिला, "तुमाला कसं कळलं?" मी गूढ हसलो.

त्यानंतर बाबालालचा चहा वर्कशॉपच्या खर्चात. तो आला की मी विचारायचो, "आज कोण खोकतंय?" त्याच्या बातम्या बऱ्याचदा खऱ्या ठरायच्या. पण इंजिनाचं आणि म्हाताऱ्या माणसाचं सारखंच असतं, खोकणारं वर्षानुवर्षं खोकत राहतं आणि धडधाकट दिसणारं एका सकाळी जातं.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगितलं, तो सांगतो.

उन्हाळा लागला होता. गुऱ्हाळांचा हंगाम संपत आलेला. कडेगावकडचे तात्या पाटील आमच्याकडं आले. धिप्पाड गडी, आवाज पलटणीतल्या सुभेदाराला लाजवणारा. एक मुलगा खरंच पलटणीत होता. त्यांच्या गुऱ्हाळावरच्या चरकाच्या मोठ्या लाटेचा शाफ्ट मोडला होता. लाटेत ऊस पिळतो, आणि शाफ्ट म्हणजे त्या लाटेचा कणा. नवीन करायचा तर जाड लोखंडी सळई लागते, आणि तेव्हा लोखंडावर कंट्रोल. तात्यांनी कुठून कुठून खटपट करून एक सळई मिळवली होती. एकच. ती घेऊनच ते आले.

"मास्तर, ऊस तोडून पडलाय फडात. वाळतोय. आज चढवा."

नेमकं आदल्या दिवशी बाबालालनं सांगितलं होतं की तासगावकडच्या एका जिनिंगचं इंजिन आज सकाळीच येतंय, नक्की. मी तात्यांना थांबवलं. सकाळ गेली, दुपार झाली, जिनिंगवाल्याचा पत्ता नाही. मोठा लेथ उघडा, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून तात्या.

"ह्यो काय पूजेला ठिवलाय?" ते गरजले. "मानूस दारात हुबा, लेथ रिकामा, आन् तुमी न आलेल्या पावन्याला पाट मांडून बसलाय!"

मी शरमलो आणि त्यांची सळई चढवायला सांगितली. येसूंनी ती संध्याकाळपर्यंत बांधली, मधोमध आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाडा काप सुरू झाला. तात्या गावी गेलेच नाहीत. वर्कशॉपच्या पायरीवर बसून आपला शाफ्ट सोलला जाताना बघत राहिले, पोरीच्या लग्नात बाप मांडवात बसतो तसे. निळसर लोखंडी साली वेटोळी होऊन खाली पडायच्या, आणि तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा हाय."

मालक त्या वेळी लोखंडाच्या परमिटासाठी पुण्याला गेले होते. सगळा कारभार माझ्यावर.

दुपार व्हायच्या आत बाबालालची मोटार दारात थांबली. तो खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, आज बातमी न्हाई. आज वस्तूच आणलीया." टपावरून त्यानं आणि क्लीनरनं मिळून एक इंजिनाचा क्रँक, त्याच्या बेअरिंगांसकट, उतरवला. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वाकडा दांडा, जो दट्ट्याच्या खालीवर होण्याचं फिरणं करतो. बेअरिंग वितळून त्याच्या अंगावर खोल चरे पडले होते. लांबीनं आखूड असल्यामुळं त्याला बांधून, घासून परत गोल करायला फार वेळ लागला नसता, एखादी दुपार. पण अंगानं तो एवढा होता की लहान लेथवर फिरलाच नसता.

क्रँकबरोबर एक म्हातारा उतरला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल मुंडासं, पायांत जाड वहाणा. नाव म्हाकू. वडूजच्या पलीकडच्या एका धनगरवाडीचा. त्यांच्या विहिरीवर सगळ्यांनी मिळून इंजिन बसवलं होतं, त्याचा हा क्रँक.

मी त्याला मोठा लेथ दाखवला. म्हटलं, "आज्जा, काम चढलंय. उद्या संध्याकाळी हे उतरेल. मग तुमचं."

त्यानं लेथकडं बघितलं, फिरणाऱ्या शाफ्टकडं बघितलं. "बरं," म्हणाला. भांडला नाही, हातापाया पडला नाही. पायरीवर तात्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि चंची सोडली. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी दिवसभर भांडू शकायचो. "बरं" म्हणणाऱ्याशी काय करायचं ते मला कधीच उमगलं नाही.

माझं टेबल पायरीला लागूनच होतं. त्यामुळं त्या दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"कुठलं पावनं?" तात्यांनी विचारलं.

"वडूजच्या पल्याड."

"पानी हाय का हिरीला?"

"हाय की. पाताळात हाय." म्हाकूनं पान लावून तात्यांच्या हातात दिलं. "पोहरा बुडत न्हाई आता. इंजन व्हतं तवर खालच्या टप्प्यावर बसवून खेचत हुतो."

"मेंढरं किती हाईत?"

"मेंढरं मोजू न्हाईत, पाटील."

"त्ये बी खरंच." तात्यांनी पान तोंडात टाकलं. "आमच्या रानात बसत्यात की तुमच्याकडची मेंढरं, दर साली. खत झ्याक पडतं."

"आता बी तिकडंच हाईत. समदी तरनी पोरं मेंढरं घिऊन खाली तुमच्या मुलखात. वाडीवर आमी म्हातारी, सुना, आन् ल्हान कोकरं."

"मग पानी कोन काढतंय?"

"सुनाच. कमरंला दोर बांधून एकजन खाली उतरती. तांब्यानं घागर भरती. वरच्या वढत्यात. बारी लावलीया त्यांनी." म्हाकूनं चंचीची नाडी आवळली. "थोरलीला दिस हाईत. तिची बारी आली की म्या उतरतो."

"आन् आज?"

"आज म्या हितं हाय."

  मी मान वर करून बघितलं तर तात्यांचं लक्ष शाफ्टवरून उडालेलं. ते रस्त्याकडं बघत होते. मग ते एकदम उठले आणि म्हाकूवरच डाफरले.

"तुला बी गड्या हितंच येऊन बसायचं हुतं व्हय? जरा तिकडं बसला असतास तर मला काय ऐकू आलं असतं?"

आणि तसेच माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, माझा उतरवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तात्या, काल तुम्ही मला लेथ रिकामा ठेवला म्हणून फाडून खाल्लंत."

"काल म्या शाना हुतो. आता उतरवा म्हंतोय न्हवं?"

"एकदा उतरवला तर परत तसा बसेल याची हमी नाही. सळई एकच आहे. बिघडली तर दुसरी आणणार कुठून? आणि तुमचा ऊस?"

"ऊस वाळतोय त्ये मला म्हाईत न्हाई?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आवं, मला ऐकू यायच्या आदी ह्ये समदं सांगायचं. आता ऐकलंय. आता म्या हितं बसून शाफ्ट बगू कसा?"

मी उठून येसूंकडं गेलो. त्यांनी काप थांबवला, शाफ्टवर तळवा ठेवला, गाय आजारी आहे का बघताना तिच्या अंगावर ठेवतात तसा. म्हणाले, "अजून जाडा काप चाललाय. वर मांस हाय. उतरवायचा तर आत्ता उतरवा. उद्या बारीक काप सुरू झाला की मग देव आला तरी न्हाई."

निर्णय माझा होता. मालक पुण्यात, आणि तात्यांच्या होकारावर सगळं ढकलून मला मोकळं होता येत नव्हतं, कारण त्यांना लोखंडातलं कळत नव्हतं, मला कळत होतं. तात्यांच्या उसावर गुऱ्हाळातली सगळी माणसं जगत होती. ऊस तक्रार करायला पायरीवर येऊन बसत नाही, म्हणून त्याचं नुकसान कमी असं थोडंच आहे? आणि तिकडं कुणीतरी दोर बांधून विहिरीत उतरत होती, किंवा नव्हती. कदाचित दुसऱ्या एखाद्या सुनेनं तिची बारी घेतलीही असेल. मला काय माहीत? माझ्या धंद्यात मला कधीच पुरतं माहीत नसायचं. माहीत नसताना लेथचा पट्टा सोडायचा की ओढायचा, काम थांबवायचं की चालवायचं, एवढंच माझ्या हातात.

मी म्हटलं, "उतरवा."

शाफ्ट उतरला, क्रँक चढला. येसूंनी जेवण केलं नाही. दुसरीकडं आमच्या ओतारीनं बेअरिंगमध्ये नवा धातू ओतला. म्हाकू आता लेथपाशी उभा होता आणि तात्या त्याला काय चाललंय ते अधिकारवाणीनं समजावून सांगत होते, सगळं चूक. दिवेलागणीला क्रँक तयार झाला. बाबालालनं त्याच्यासाठी मोटार रोखून धरली होती, आणि उतारू त्याच्या नावानं खडे फोडत होते. टपावर क्रँक बांधून झाल्यावर म्हाकू तात्यांसमोर आला. त्यानं चंची पुढं केली. तात्या म्हणाले, "जा बाबा, तुजी बारी बुडंल."

आता शाफ्टचं ऐका. दुसऱ्या दिवशी तो परत चढवला आणि फिरवून बघितला तर येसूंचा चेहरा पडला. अर्धा सोललेला शाफ्ट रात्रभर मोकळा पडला की कधी कधी आतला ताण सुटतो आणि लोखंड किंचित वाकतं. तो वाकला होता. केसभरच, पण केसभर पुष्कळ होतं. तो सरळ करायचा म्हणजे आणखी सोलायचा, म्हणजे ठरल्या मापापेक्षा बारीक करायचा, म्हणजे त्याला बसतील अशी नवी पितळी बेअरिंगं ओतायची. सगळं मिळून काम चांगलंच लांबलं. मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला जी शिवी दिली ती इथं छापता येणार नाही. मग पायरीवर जाऊन बसले.

त्याच दिवशी उन्हं कलताना, येसूंचा बारीक काप सुरू झाल्यावर, आणखी एक माणूस आला. हातगाडीवर काहीतरी जड, वर पोतं टाकलेलं. स्वतःच गाडी ढकलत आणलेली. अंगातली बंडी घामानं चिंब. त्यानं मोठ्या लेथकडं बोट केलं.

"ह्यो कवा मोकळा व्हनार?"

"उद्या दुपारच्या पुढं."

तात्या उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी येसूंकडं. येसूंनी शाफ्टवरची नजर न उचलता नाही म्हणून मान हलवली. बारीक काप सुरू होता.

"कुठलं पावनं? काय मोडलंय?" तात्यांनी विचारलं.

"उद्या न्हाई चालायचं," तो माणूस म्हणाला, आणि तात्यांना उत्तर न देता गाडी वळवली. मी मागोमाग रस्त्यापर्यंत गेलो, मिरजेला एकाकडं याच्याहून लहान लेथ आहे, त्यावर बसलं तर बघा म्हणून नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली. ऐकलं की नाही कळलं नाही. गाडीचं एक चाक करकरत होतं, ते मात्र बराच वेळ ऐकू आलं.

मालक पुण्याहून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी असतो तर उतरवला नसता." मग कोट खुंटीला अडकवताना म्हणाले, "बरं झालं मी नव्हतो."

तात्यांच्या चरकाला शाफ्ट बसला आणि पुढं कितीतरी हंगाम चालला. पण त्या साली फडातला ऊस वाळून आंबला होता, त्याचा गूळ काळाकुट्ट पडला. सांगलीच्या पेठेत व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली. तात्या ढेप पुढं करून सांगायचे, "ह्यो मास्तरांच्या हातचा गूळ हाय, घ्या." पेठेत मला त्या गुळानं जेवढं नाव दिलं तेवढं माझ्या कुठल्याही कामानं दिलं नाही.

म्हाकूची बातमी बाबालालनंच आणली. इंजिन चालू झालं, थोरलीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. हे ऐकून तात्यांनी वर्कशॉपातल्या सगळ्यांना त्याच काळ्या गुळाचा चहा पाजला, आणि आम्हीही तो प्यायलो.

पुढं लढाई संपली, स्वराज्य आलं, विलायती लेथ कितीतरी आले. एका मोठ्या लेथचे तीन झाले आणि माझी दारातली मास्तरकी सोपी होत गेली. त्या नोकरीत ज्यांची कामं केली ती माणसं भेटत राहिली. कुणी बोरं आणून दिली, कुणी लग्नाची पत्रिका. मात्र ज्यांना मी परत पाठवलं त्यांचं पुढं काय झालं ते मला कुणीच येऊन सांगितलं नाही.

तात्या बाजाराला सांगलीत आले की पायरीवर येऊन बसायचे. आता ते मला 'मास्तर' म्हणत नसत, अरे-तुरेवर आले होते. ऊस, पाऊस, पलटणीतल्या मुलाचा पगार, सगळं बोलून झालं की थोडं थांबून विचारायचे,

"त्यो हातगाडीवाला परत आलाता का रं कवा?"

"नाही, तात्या."

"म्हंजे झालं असंल त्याचं काम कुठंतरी," असं म्हणून ते चहा बशीत ओतायचे आणि फुंकर घालत बसायचे, चहा केव्हाच निवलेला असला तरी.